४१५ व्होल्टची थ्री फेज मोटर घरच्या सिंगल फेजवर : स्टारची डेल्टा करताना

भोसरी किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या भागातून जुनी पण धडधाकट लेथ, पिलर ड्रिल किंवा बफिंग मशीन घेतली की तिच्यावर बहुतेक वेळा थ्री फेज मोटर निघते. घरी किंवा छोट्या गाळ्यात मात्र मीटर सिंगल फेजचा असतो. मग ती मोटर काढून सिंगल फेजची बसवतात आणि चांगल्या तांब्याची, चांगल्या बेअरिंगची मोटर भंगारात जाते. ही नासाडी बऱ्याचदा टाळता येते. दोन एचपीपर्यंतच्या पुष्कळ मोटरी दोन व्होल्टेजवर चालू शकतात : स्टार जोडणीत ४१५ व्होल्टवर आणि डेल्टा जोडणीत २४० व्होल्टवर. मोटरीच्या टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्यांची जागा बदलायची आणि पुढे सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी, म्हणजे कारागीर ज्याला नुसतं ‘ड्राइव्ह’ म्हणतात तो, लावायचा. वेग कमीजास्त करण्याची सोय त्यात आपोआप मिळते.

पट्ट्या बदलायला दहा मिनिटं पुरतात. खरा वेळ जातो तो ही मोटर त्या जातीची आहे की नाही याची खात्री करण्यात, आणि तो वेळ द्यायलाच हवा. चुकीच्या मोटरीवर किंवा चुकीच्या लाइनवर केलेली हीच जोडणी वाइंडिंग जाळते. बॉडीला करंट उतरला तर माणसाच्या जिवावर बेतते. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर हा लेख वाचून वायरमनसोबत उभे राहा, पण हात त्याचाच असू द्या. बोर्डातून मशीनसाठी नवी लाइन ओढायचं काम तर सवय असली तरी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

प्रश्न एकच : वाइंडिंगला किती व्होल्ट मिळतात

थ्री फेज मोटरीत तीन स्वतंत्र वाइंडिंग असतात. प्रत्येक वाइंडिंग एका ठरावीक व्होल्टेजसाठी गुंडाळलेलं असतं आणि ते व्होल्टेज पट्ट्या बदलून बदलत नाही. बदलतो तो लाइनमधला किती वाटा त्याच्यापर्यंत पोचतो, एवढंच.

स्टारमध्ये तिन्ही वाइंडिंगची शेवटची टोकं एकत्र बांधलेली असतात. त्यामुळे दोन फेजच्या मध्ये दोन वाइंडिंग येतात आणि प्रत्येकाला लाइन व्होल्टेज भागिले १.७३ एवढं मिळतं. ४१५ ला १.७३ ने भागलं की २४० येतात. डेल्टामध्ये प्रत्येक वाइंडिंग थेट दोन फेजच्या मध्ये बसतं, म्हणून त्याला लाइनचं पूर्ण व्होल्टेज मिळतं. २४० व्होल्टसाठी गुंडाळलेलं वाइंडिंग ४१५ च्या लाइनवर स्टारमध्ये आणि २४० च्या लाइनवर डेल्टामध्ये सारखंच सुखी असतं. दोन्हीकडे त्याच्या वाट्याला २४० च येतात, ताकद तीच, वेगही तोच. फरक पडतो तो लाइनमधून ओढल्या जाणाऱ्या करंटमध्ये. डेल्टात तो १.७३ पट होतो.

आता उलटी चूक पाहा. हीच मोटर डेल्टामध्ये ठेवून ४१५ व्होल्ट दिले तर वाइंडिंगला १.७३ पट व्होल्टेज मिळतं, आतलं लोखंड चुंबकत्वाने तुडुंब भरतं आणि करंट मर्यादेच्या कितीतरी पट वर जातो. अशी मोटर मोकळी फिरत असतानाही काही मिनिटांत वॉर्निशचा वास सोडते. याउलट डेल्टात ४१५ व्होल्ट मागणारी मोटर स्टारमध्ये जोडली तर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, एक-तृतीयांशावर येतो. मोकळी असताना ती छान फिरते, लोड आला की अडते, आणि अडलेली मोटर तापून जळते. ‘फिरली म्हणजे जोडणी बरोबर’ हा समज या दुसऱ्या चुकीतूनच अनेकांना महागात पडतो.

नेमप्लेट

प्लेटवर रंगाचे थर असतील तर थिनर आणि मऊ कापडाने ते काढा. पॉलिश पेपर घासू नका, अक्षरं जातील. मग मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचा. प्लेटवर साधारण पुढच्यापैकी एक गोष्ट दिसेल.

त्रिकोणाच्या (डेल्टा) खुणेपुढे २४० किंवा २३० आणि वाय आकाराच्या (स्टार) खुणेपुढे ४१५ किंवा ४०० : हीच आपल्याला हवी असलेली मोटर. युरोपातून आलेल्या लहान मशीनवर २३०/४०० लिहिलेलं असतं, तेही चालतं.

फक्त ४१५ आणि वायची खूण : वाइंडिंग २४० चंच आहे. शेवटची टोकं बाहेर काढली आहेत की नाहीत, हे बॉक्स उघडल्यावर कळेल.

फक्त ४१५ आणि त्रिकोणाची खूण, किंवा त्रिकोण ४१५ / वाय ७२०, किंवा आयात मोटरीवर ४००/६९० : इथे थांबा. हे वाइंडिंग ४१५ व्होल्टचं आहे. २३० वर ती पूर्ण ताकदीने चालवणारी पट्ट्यांची कोणतीही मांडणी नाही.

आपल्याकडच्या मोटरींत एक प्रघात आहे तो लक्षात ठेवला तर मशीन विकत घ्यायच्या आधीच अंदाज येतो. १.५ किलोवॅट, म्हणजे दोन एचपीपर्यंतच्या मोटरी सहसा ४१५ वर स्टारमध्ये असतात. २.२ किलोवॅट, म्हणजे तीन एचपीपासून पुढच्या ४१५ वर डेल्टामध्ये असतात. हा अंदाज झाला, निर्णय प्लेटवरूनच.

आणखी एक घोटाळा इथेच मोडून काढतो. ‘सहा वायरी बाहेर आल्या आहेत, म्हणजे डबल व्होल्टेज’ असं विकणारा बिनदिक्कत सांगतो. पाच एचपीच्या मोटरीतूनही सहा वायरी येतात, पण त्या स्टार-डेल्टा स्टार्टरसाठी असतात. ती मोटर सुरू होताना काही सेकंदच स्टारमध्ये असते आणि धावते ४१५ वर डेल्टामध्ये. वायरी मोजून मोटरीची जात कळत नाही.

प्लेटवर दोन व्होल्टेज असतील तर त्यांचं गुणोत्तर काढून पाहा. १.७३ च्या आसपास आलं तर प्रकरण स्टार-डेल्टाचं आहे. बरोबर दुप्पट आलं, उदाहरणार्थ २००/४०० किंवा २३०/४६०, तर प्रत्येक फेजचं वाइंडिंग दोन भागांत असतं. ते भाग कमी व्होल्टेजला समांतर आणि जास्त व्होल्टेजला एकापुढे एक जोडायचे असतात. जपानी आणि अमेरिकन मशीनवर अशा नऊ किंवा बारा वायरींच्या मोटरी येतात. त्यांना खालची पट्ट्यांची मांडणी लागू नाही, झाकणाच्या आतला नकाशाच पाहावा लागतो.

वीज तोडणं

मशीन आधीपासून कुठे जोडलेली असेल तर तिचा एमसीबी पाडा, शक्य असेल तर प्लग काढा किंवा मेन आयसोलेटर उघडून त्याला कुलूप घाला. कुलूप नसेल तर हँडलला ‘काम चालू आहे’ अशी पाटी बांधा आणि घरातल्या माणसांना तोंडी सांगा. मग मल्टिमीटर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो नीट दाखवतोय याची खात्री करा, नंतर मोटरीच्या टर्मिनलवर प्रत्येक फेज दुसऱ्या फेजशी आणि प्रत्येक फेज अर्थशी मोजा, आणि शेवटी पुन्हा त्या चालू सॉकेटवर मीटर तपासा. ही तिसरी पायरी बहुतेक लोक गाळतात. मधल्या वेळात मीटरची वायर तुटली किंवा सेल उतरला तर मीटर शून्य दाखवतो आणि लाइन जिवंत असते. दिव्याच्या टेस्टरवर तर या कामात अजिबात विसंबू नका. उजेडात तो दिवा दिसत नाही आणि लाकडी पाटावर उभं राहिलं तर नीट लागतही नाही.

ड्राइव्ह आधीपासून जोडलेला असेल तर वीज तोडल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ, साधारण पाच ते दहा मिनिटं, थांबूनच त्याचं झाकण उघडा आणि डीसी टर्मिनलवर मोजून मग हात घाला.

बॉक्स उघडल्यावर

पहिलं काम फोटो. आहे तशी जोडणी, पट्ट्या, वायरींचे रंग, अर्थचा बोल्ट, सगळं दोन-तीन कोनांतून. मग प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा झेंडा करून नंबर द्या.

नीट ठेवलेल्या मोटरीत सहा पितळी खुंट्या दोन ओळींत असतात. खालच्या ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१. वरच्या ओळीत डब्ल्यू२, यू२, व्ही२, आणि हा क्रम मुद्दाम सरकवलेला असतो. जुन्या देशी मोटरींवर ए१, बी१, सी१ आणि ए२, बी२, सी२ अशा खुणाही आढळतात; अर्थ तोच, १ म्हणजे सुरुवात आणि २ म्हणजे शेवट.

स्टारमध्ये वरच्या ओळीच्या तिन्ही खुंट्या आडव्या पट्टीने एकत्र केलेल्या दिसतील. मल्टिमीटर ओमवर ठेवा, पट्ट्या काढा आणि जोड्या तपासा. यू१-यू२, व्ही१-व्ही२, डब्ल्यू१-डब्ल्यू२ यांच्यात तीन जवळजवळ सारखे आकडे यायला हवेत. एका एचपीच्या मोटरीत ते काही ओमपासून पंधरा-वीस ओमपर्यंत असू शकतात. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, तिन्ही सारखे असणं महत्त्वाचं. एक वाइंडिंग ठळकपणे कमी दाखवत असेल तर त्याचे काही वेढे आपसांत चिकटले आहेत, आणि अशा मोटरीवर पुढचा खर्च करू नका. वेगवेगळ्या वाइंडिंगमध्ये, तसंच कोणतंही वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात, काहीही लागता कामा नये.

तीनच वायरी बाहेर असतील तर

अर्ध्या-एक एचपीच्या स्वस्त मोटरींत हे सर्रास दिसतं. तिन्ही शेवटं आतच, वाइंडिंगच्या टोकाशी बांधून दोऱ्याखाली दाबलेली असतात. हा स्टार पॉइंट बाहेर काढता येतो, पण माझ्या मते हे काम रिवाइंडिंगवाल्याकडेच द्यावं. साइड कव्हर उघडून रोटर बाहेर काढणं, वॉर्निश गरम करून मऊ करणं, जोड शोधणं, तिन्ही टोकांना नव्या लवचीक वायरी डाग देऊन जोडणं, फायबरची स्लीव्ह चढवणं, पुन्हा दोऱ्याने बांधून वॉर्निश करणं, यात हाताची सवय लागते. शेजारच्या वेढ्यावर एक ओरखडा आला तरी ती जागा पुढे जळते. वाइंडर मात्र हे रोज करतो. त्याला स्पष्ट शब्दांत सांगा : ‘स्टार पॉइंट उघडून सहा वायरी बाहेर काढून द्या, आणि प्रत्येकीवर सुरुवात-शेवटाची खूण करून द्या.’ रोटर बाहेर आलेलाच आहे तर बेअरिंगही त्याच वेळी बदलून घ्या.

प्लेट गायब असेल आणि वायरी तीनच असतील, तर आत स्टार आहे की डेल्टा हे बाहेरून ओम मोजून कळत नाही. दोन्हीकडे तीन सारखेच आकडे येतात. ते वाइंडरच उघडून सांगेल : स्टारमध्ये आत असा एक जोड सापडतो, ज्यातून बाहेर एकही वायर गेलेली नसते.

सहा वायरी आहेत, पण खुणा नाहीत

ओम मोजून तीन जोड्या लगेच सापडतात. अवघड भाग म्हणजे प्रत्येक जोडीतली सुरुवात कोणती आणि शेवट कोणता हे ठरवणं. एक वाइंडिंग उलटं लागलं तर मोटर घोरते, वेग पकडत नाही आणि करंट भलताच वाढतो. प्रयोग करून पाहण्याची ही जागा नव्हे. यासाठी एक सेल आणि काट्याचा मीटर पुरतो. डिजिटल मीटर इथे उपयोगाचा नाही, त्याला क्षणभराचा झटका दिसत नाही.

एका जोडीच्या टोकांना मनाने यू१ आणि यू२ म्हणा. दीड व्होल्टच्या मोठ्या सेलची धन बाजू यू१ ला आणि ऋण बाजू यू२ ला लावायची आहे, पण अजून लावू नका. आधी काट्याचा मीटर सगळ्यांत कमी डीसी रेंजवर ठेवून दुसऱ्या जोडीला जोडा. आता सेल लावा आणि लावतानाचा काटा पाहा. लावताक्षणी काटा पुढे, म्हणजे शून्याच्या उजवीकडे, उसळला तर मीटरची काळी म्हणजे ऋण पिन ज्या टोकाला आहे ते व्ही१. मागे झुकला तर लाल पिन असलेलं टोक व्ही१. सेल काढताना काटा उलट दिशेला जातो, त्याकडे लक्ष देऊ नका. तिसऱ्या जोडीवर हेच करून डब्ल्यू१ ठरवा. सेल दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त लावून ठेवू नका. सेल काढताना उघडी टोकं हातात धरू नका, वाइंडिंग चांगलाच झटका देतं.

पडताळणीसाठी एक सुंदर उपाय आहे. तिन्ही सुरुवाती एकत्र करा, तिन्ही शेवटं एकत्र करा, दोन्हींच्या मध्ये काट्याचा मिलिअँपिअर मीटर लावा आणि शाफ्ट हाताने जोरात फिरवा. रोटरमध्ये शिल्लक राहिलेल्या चुंबकत्वामुळे तिन्ही वाइंडिंगमध्ये किंचित व्होल्टेज तयार होतं. खुणा बरोबर असतील तर ती तिन्ही एकमेकांना रद्द करतात आणि काटा जवळजवळ हलत नाही. काटा डुलायला लागला तर एक जोडी उलटी आहे. मात्र फार दिवस पडून राहिलेल्या मोटरीत चुंबकत्वच उरलेलं नसतं आणि काटा नुसता हलत नाही. म्हणून एक जोडी मुद्दाम उलटी करून काटा डुलतो का हे आधी पाहा, मगच निकालावर विश्वास ठेवा.

मेगर

साधा मल्टिमीटर बॉडीशी ‘काही लागत नाही’ म्हणतो ते त्याच्या सेलच्या काही व्होल्टवर. ओल धरलेलं इन्सुलेशन खऱ्या व्होल्टेजवरच फुटतं. म्हणून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने, प्रत्येक वाइंडिंग बॉडीशी आणि वाइंडिंग एकमेकांशी मोजा. चांगल्या मोटरीत दहा-वीस ते शेकडो मेगाओम दिसतात. ५ मेगाओमच्या खाली आकडा आला तर मोटर आधी वाळवा : दोन-तीन दिवस कडक उन्हात उघडी ठेवा किंवा आत शंभर वॉटचा बल्ब पेटता ठेवून झाका. १ मेगाओमच्या खालची मोटर वाळवल्यावरही वर येत नसेल तर ती चालवू नका. कोकणात किंवा पावसाळ्यानंतर गोदामातून आलेल्या मोटरीला हे वाळवणं लागतंच, असं समजूनच चाला.

मेगर मारताना ड्राइव्ह जोडलेला नसावा. ५०० व्होल्ट ड्राइव्हच्या आतल्या भागांत गेले की ड्राइव्ह गेलाच.

पट्ट्या

आता ते दहा मिनिटांचं काम. वरच्या ओळीची आडवी पट्टी काढा. तीन उभ्या पट्ट्या अशा लावा :

यू१ ते डब्ल्यू२
व्ही१ ते यू२
डब्ल्यू१ ते व्ही२

खुंट्यांचा वरचा क्रम का सरकवलेला असतो, ते इथे कळतं : प्रत्येक उभी पट्टी आपोआप बरोबर जोडी जुळवते. खुंट्या नसून नुसत्या वायरी असतील तर जाड लग दाबून नट-बोल्टने बांधा आणि वर स्लीव्ह व टेप घाला. वायरी पिळून नुसती टेप गुंडाळणं इथे चालत नाही. मोटरीची थरथर काही महिन्यांत तो पीळ सैल करते.

पितळी खुंट्यांवर नट बेताने आवळा, पितळेचे आटे लवकर जातात. खाली साधा वायसर, वर स्प्रिंग वायसर. पट्टी काळी पडली असेल तर चकाकेपर्यंत घासा. मग पुन्हा ओम मोजा : यू१-व्ही१, व्ही१-डब्ल्यू१, डब्ल्यू१-यू१ हे तिन्ही सारखे आले पाहिजेत आणि आकडा एका वाइंडिंगच्या दोन-तृतीयांशाएवढा यायला हवा. नाही आला तर पट्टी चुकली आहे.

अर्थची वायर बॉक्सच्या आतल्या अर्थ बोल्टला, रंग खरवडून उघड्या धातूवर. तिथपासून बोर्डाच्या अर्थ पट्टीपर्यंत ती अखंड असावी. डेल्टा असो की स्टार, ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरीला न्यूट्रल कुठेही जोडायचा नसतो.

ड्राइव्ह

सिंगल फेज २३० इनपुट आणि थ्री फेज २३० आउटपुट असलेलाच ड्राइव्ह मागा. त्याचा आकार एचपीवर न ठरवता करंटवर ठरवा. उदाहरण घ्या : ०.७५ किलोवॅटची मोटर प्लेटवर ४१५ ला १.९ अँपिअर सांगते. डेल्टात २४० ला ती ३.३ अँपिअर घेईल. ड्राइव्हचा आउटपुट करंट त्याहून थोडा जास्त हवा. इनपुटला तोच ड्राइव्ह आठ-दहा अँपिअर ओढू शकतो, कारण तो करंट गुळगुळीत नसतो, तुटक उसळ्यांमध्ये येतो. म्हणून एक एचपीलाही १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ठेवा. फ्रिज आणि मिक्सरच्या बोर्डावर लेथ लावू नका.

बोर्डाची फेज-न्यूट्रल ड्राइव्हच्या इनपुटला, आणि ड्राइव्हचे यू, व्ही, डब्ल्यू मोटरीला. ही अदलाबदल झाली, मेन लाइन आउटपुटला लागली, तर ड्राइव्ह त्याच क्षणी संपतो. ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये स्विच, स्टार्टर किंवा कपॅसिटर काहीही ठेवायचं नाही. चालू असताना मधली वाट तोडली तर त्या ठिणगीचा मार ड्राइव्हच्या आउटपुटवर बसतो. केबल शिल्ड असलेली आणि आखूड घ्या. जुनं वाइंडिंग ड्राइव्हच्या झटक्यांनी फुटेल अशी भीती काहींना वाटते. २३० च्या ड्राइव्हमध्ये आतला डीसी ३२५ व्होल्टच असतो, त्यामुळे ४१५ च्या लाइनवर आयुष्य काढलेल्या मोटरीला आखूड केबलवर तो फार जड जात नाही.

सेटिंगमध्ये मोटरीचं व्होल्टेज २३०, फ्रिक्वेन्सी ५०, प्लेटवरचा वेग, आणि करंट डेल्टाचा म्हणजे आपल्या उदाहरणात ३.३ भरा. प्लेटवरचा १.९ तसाच भरला तर ड्राइव्ह लोडवर सारखा ट्रिप होईल. याउलट ड्राइव्हचा मूळ मोठा आकडा तसाच राहू दिला तर मोटरीला ओव्हरलोडपासून संरक्षणच उरत नाही. सुरू होण्याचा वेळ तीन-चार सेकंद, थांबण्याचा त्याहून थोडा जास्त ठेवा. ज्या लेथचा चक आट्यांवर बसतो, तिथे पटकन थांबणं आणि झटकन रिव्हर्स दोन्ही बंद ठेवा. फिरता चक उलटून सुटतो आणि तो अंगावर येतो.

आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, ट्रिप होत असेल तर तो काढून टाकण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. ऐकू नका. ड्राइव्हच्या फिल्टरमधून अर्थला थोडा करंट जातो, म्हणून साधा आरसीसीबी कधी कधी पडतो. ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचा, त्या लाइनपुरता वेगळा आरसीसीबी बसवा.

मशीनच्या पोटातलं बाकीचं

जुन्या लेथच्या पॅनेलमध्ये काँटॅक्टरची, म्हणजे कॉइलने ओढल्या जाणाऱ्या स्विचची, कॉइल बऱ्याचदा ४१५ ची असते, ती २३० वर ओढणार नाही. तो काँटॅक्टर वाटेतून काढा. सुरू, बंद, रिव्हर्सची बटणं ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला न्या. इमर्जन्सी बटण ड्राइव्हला जोडाच, शिवाय हात पोचेल असा आयसोलेटर इनपुटच्या बाजूला ठेवा. कूलंट पंप छोटा असला तरी तोही थ्री फेज ४१५ चाच असतो. त्याचा विचार वेगळा करा, मुख्य मोटरीच्या ड्राइव्हवर तो टांगू नका. मोटरीला ब्रेक असेल तर ब्रेकच्या कॉइलची वायर बहुधा याच टर्मिनलवरून घेतलेली असते. ती काढून तिच्या मूळ व्होल्टेजची वेगळी सोय करावी लागते, नाहीतर ब्रेक अर्धवट दाबलेला राहून मोटर तापत राहील.

पहिली चाचणी

पट्टा काढून ठेवा, मोटर बोल्टने घट्ट बसवा, शाफ्टच्या खाचेतली (की-वेमधली) चावी काढा किंवा टेपने बांधा. मोकळ्या शाफ्टवरची चावी गोळीसारखी सुटते. झाकण लावूनच वीज द्या. ५ हर्ट्झवर दिशा पाहा. उलटी असेल तर वीज तोडून, ठरलेला वेळ थांबून, ड्राइव्हच्या कोणत्याही दोन आउटपुट वायरी अदलाबदल करा. पट्ट्यांना हात लावायचा नाही. मग हळूहळू ५० पर्यंत न्या. मोकळ्या मोटरीचा करंट डेल्टाच्या करंटच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत असतो. तो ड्राइव्हच्या पडद्यावरच वाचा, वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा साधा टाँग टेस्टर इथे चुकीचं सांगतो. अर्ध्या तासानंतर बॉडी गरम लागणं ठीक आहे. मोकळी असतानाच हात ठेववत नसेल तर थांबा आणि जोडणी पुन्हा तपासा.

लोडवर २५ हर्ट्झच्या खाली फार वेळ काम करायचं असेल तर मोटरीचा स्वतःचा पंखाही तेवढाच हळू फिरतो, हे विसरू नका. बाहेरून छोटा पंखा लावा, किंवा लेथच्या गिअर आणि पुलीने वेग कमी करून मोटर वेगातच ठेवा. मला पुलीची वाट जास्त पसंत आहे, टॉर्कही तिथेच मिळतो.

तीन एचपीची, ४१५ डेल्टाची मोटर पदरात पडली असेल तर

ती २३० च्या ड्राइव्हवर डेल्टातच लावली तर साधारण २९ हर्ट्झपर्यंत पूर्ण टॉर्क देते. पुढे टॉर्क उतरत जातो आणि एकूण ताकद सुमारे ५८ टक्क्यांवर राहते. छोट्या कामाला ते पुरूही शकतं. पूर्ण ताकद हवी असेल तर वाइंडरकडून २४० डेल्टासाठी रिवाइंड करून घ्या किंवा महावितरणकडे थ्री फेज जोडणीसाठी अर्ज करा. मोटर मोठी असेल तर अर्जच करा.

शेतावर एक फेज गेला की कपॅसिटर लावून थ्री फेज पंप चालवतात, ती युक्ती इथेही सुचवली जाते. डेल्टात किलोवॅटमागे सुमारे ७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तिसऱ्या टोकाला लावला की मोटर सिंगल फेजवर फिरते खरी. पण सुरुवातीचा टॉर्क कमी असतो, ताकद तीन-चतुर्थांशाहूनही कमी मिळते आणि तिन्ही वाइंडिंगमध्ये करंट असमान राहतो. पंख्याला किंवा ग्राइंडरला ती चालेल. लेथला नको.

अमेरिकेतून आणलेली मशीन

परत येताना कंटेनरमध्ये बँडसॉ किंवा छोटी लेथ घेऊन येणाऱ्यांसाठी : तिथली ११५/२३० ची मोटर सिंगल फेज असते. तिच्यात मुख्य वाइंडिंगचे दोन भाग ११५ ला समांतर आणि २३० ला एकापुढे एक जोडतात, आणि स्टार्टिंग वाइंडिंगला बहुधा दोन्ही वेळा ११५ च मिळतं. जोडणी झाकणाच्या आतल्या नकाशाप्रमाणेच करा. पण पट्ट्यांपेक्षा मोठी अडचण फ्रिक्वेन्सीची आहे. प्लेटवर फक्त ६० हर्ट्झ असेल तर आपल्या ५० वर वेग १७२५ चा १४२५ च्या आसपास येतो, आणि त्याच व्होल्टेजवर लोखंडातलं चुंबकत्व वीस टक्क्यांनी वाढतं. ती मोटर मोकळी असतानाच तापते. प्लेटवर ५०/६० असं दोन्ही लिहिलेलं असेल तरच ती इथे निर्धास्त वापरा, नाहीतर मशीन ठेवा आणि मोटर इथली बसवा.

झाकण बंद करण्यापूर्वी

नव्या जोडणीचा नकाशा कागदावर काढून प्लास्टिकमध्ये घालून झाकणाच्या आत चिकटवा. बाहेर ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत लिहा : ‘डेल्टा, २४० व्होल्ट, फक्त ड्राइव्हवर. ४१५ देऊ नये.’ उद्या गाळ्यात थ्री फेज आला, मशीन विकली गेली किंवा तुम्ही नसताना दुसरा वायरमन आला, तर तो ४१५ च्या मोटरीला ४१५ च लावेल आणि त्याचं काही चुकलेलं नसेल. प्लेट कायम राहते, पट्ट्या बदललेल्या असतात. थ्री फेजवर परत जायचं झालं तर आधी आडवी पट्टी घालून स्टार करायचा, ओम मोजायचे, ओव्हरलोड रिले पुन्हा प्लेटवरच्या करंटवर (आपल्या उदाहरणात १.९) आणायचा, पाटी पुसायची आणि मगच लाइन जोडायची. नव्या जोडणीनंतर महिनाभराने एकदा वीज तोडून बॉक्स उघडा आणि सगळे नट पुन्हा तपासा. तांबं आणि पितळ गरम-गार होऊन बसतात तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत एखादा तरी अर्धा फेरा सैल झालेला सापडतो.